न्यूयॉर्कमधली पाटी नसलेली दारे

सोलापूरच्या पूर्व विभागात ज्या खानावळीत मी लहानपणापासून जेवत आलो आहे, तिला आजही पाटी नाही. नवख्या माणसाला ते गल्लीतले एक साधे घर वाटते. परंतु दुपारी साडेबारानंतर त्या घराच्या पायरीखाली चपलांची रांग लागते, ज्वारीची भाकरी भाजल्याचा वास येतो आणि आत गेलेला माणूस अर्ध्या तासाने कपाळावरचा घाम पुसत बाहेर पडतो. पत्ता विचारला तर लोक घर क्रमांक सांगत नाहीत, "चपला दिसतील तिथे जा," असे सांगतात. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा संध्याकाळी मी जी शोधाशोध केली, तिच्यात मला सर्वांत जास्त उपयोग या एका वाक्याचा झाला, म्हणून सुरुवात तिथून करतो.

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. न्यूयॉर्कला वर्षातून दोनदा घरगुती कापडाच्या खरेदीदारांचा आठवडा भरतो आणि त्यासाठी मी प्रथमच तिकडे निघालो होतो. दिवस कामात जाणार होते, संध्याकाळी मोकळ्या होत्या. या संध्याकाळी मी दारूबंदीच्या काळातल्या गुप्त मद्यगृहांच्या शोधात घालवणार आहे, असे घरी सांगितले तेव्हा सगळे माझ्याकडे पाहतच राहिले. कारण मी मद्य घेत नाही, आमच्या घरात तीन पिढ्या कोणीच घेतलेले नाही.

त्यामागचे कारण आणि माझ्या कुतूहलाचे कारण एकच आहे. महात्मा गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडे तोडायला गेले, कारण शिंदीतून ताडी निघत होती आणि ताडीतून सरकारला अबकारी महसूल मिळत होता. तिथे पोलिसांनी गोळीबार केला आणि शंकर शिवदारे हा तरुण हुतात्मा झाला. १२ मेपासून शहरात मार्शल लॉ लागू झाला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले. माझे आजोबा त्या वेळी दहा वर्षांचे होते. झाडांवर पडणाऱ्या कुऱ्हाडींचा आवाज आणि पाठोपाठ धावणारी माणसे त्यांनी पाहिली होती, आणि त्या दिवसानंतर आमच्या घरात दारूचा थेंब येणार नाही, हे त्यांच्या वडिलांनी ठरवून टाकले.

पुढे केव्हातरी माझ्या वाचनात आले की त्याच १९३० साली अमेरिकेत संपूर्ण दारूबंदी होती आणि न्यूयॉर्कमधली माणसे भिंतीमागे, तळघरात, दुकानांच्या मागच्या खोल्यांत लपून मद्य पीत होती. इकडे परके सरकार दारू विकत होते आणि लोक ती बंद पाडण्यासाठी जीव देत होते. तिकडे लोकांनीच निवडलेल्या सरकारने दारू बंद केली होती आणि लोक ती मिळवण्यासाठी गुप्त दारे बांधत होते. ही दारे कशी असतील, ती माणसाला कशी सापडत असतील, हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही.

निघण्यापूर्वी महिनाभर, कारखान्यातली पाळी सुटल्यावर, मी कचेरीत बसून टिपणे काढली. अमेरिकेच्या राज्यघटनेतील अठरावी दुरुस्ती जानेवारी १९१९ मध्ये मंजूर झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली. ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने ती रद्द झाली. या काळात मद्य पिणे हा गुन्हा नव्हता, ते तयार करणे, विकणे आणि वाहून नेणे हा गुन्हा होता. हा बारकावा मला फार महत्त्वाचा वाटला, कारण त्यामुळे भीती गिऱ्हाइकापेक्षा मालकाला अधिक होती आणि दार लपवण्याची सारी कल्पकता मालकांनी खर्च केली. न्यूयॉर्क राज्याने दारूबंदीच्या अंमलबजावणीचा स्वतःचा कायदा १९२१ साली केला आणि दोनच वर्षांत रद्दही केला. तेव्हापासून त्या शहरात हे काम मुख्यतः केंद्राच्या अधिकाऱ्यांवर येऊन पडले. १९२९ साली शहराचे पोलीस आयुक्त ग्रोव्हर व्हेलन यांनी अशा अड्ड्यांची संख्या ३२,००० असल्याचा अंदाज दिला होता. अशा ठिकाणांना 'स्पीकईझी' म्हणतात, म्हणजे 'हळू बोला'. हा शब्द दारूबंदीपेक्षा जुना आहे, १८८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात तो विनापरवाना दारूच्या जागांसाठी वापरात होता.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळत असे, हे वाचताना मला आपला परवाना आठवला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा महाराष्ट्रात आजही चालू आहे. मद्य पिण्याच्या परवान्यात आजही प्रकृतीच्या रक्षणाचे कारण दिलेले असते, आणि आपल्या हमरस्त्यांवरच्या पाट्यांवर 'परमिट रूम' हे दोन शब्द त्याच कायद्यामुळे आले आहेत. ते शब्द मी आयुष्यभर वाचत आलो. त्यांचा उगम मात्र न्यूयॉर्कची तयारी करताना पहिल्यांदा शोधला.

इंटरनेटवर याद्या पुष्कळ होत्या आणि त्यांतच खरी अडचण होती. अनेक याद्यांत बंद पडलेली ठिकाणे होती. काहींत दारूबंदीच्या काळापासूनची खरी ठिकाणे आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्या धर्तीवर उघडलेली नवी ठिकाणे एकत्र कालवलेली होती. मी वहीत दोन रकाने आखले, एकात जुनी आणि दुसऱ्यात नवी ठिकाणे लिहिली, आणि जिथे केवळ दंतकथा होती तिथे तसे नमूद केले. मग स्वतःसाठी एक नियम केला. यादीतून फक्त रस्ता घ्यायचा. दार कुठे आहे, ते वाचायचे नाही. दार तिथे उभे राहून शोधायचे. हा नियम माझ्या मावसभावाला फार आवडला. तो बारा वर्षे जर्सी सिटीत राहतो, माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा आहे, आम्ही एकाच शाळेत शिकलो आणि एवढ्या वर्षांत त्याने यांपैकी एकही जागा पाहिली नव्हती. "मी येतो बे, एकट्याने रात्री हिंडू नको," असे तो फोनवर म्हणाला आणि सहाही दिवस आला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही नदीखालून जाणाऱ्या पाथ गाडीने ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरलो आणि ग्रिनिच व्हिलेजमधल्या बेडफर्ड स्ट्रीटवर गेलो. ८६ क्रमांकाच्या घरात लेलँड चम्ली यांनी १९२२ साली सुरू केलेले चम्लीज होते. त्याला पाटी तेव्हाही नव्हती आणि दारूबंदी उठल्यावरही लावली गेली नाही. मागच्या अंगाला एक लहानसे आवार होते आणि तिथून बॅरो स्ट्रीटवर निसटता येत असे. धाड येणार असे कळले की गिऱ्हाइकांना '८६' म्हणजे बेडफर्ड स्ट्रीटच्या दाराने जायला सांगत आणि त्यावरून एखादी वस्तू वा व्यक्ती बाहेर काढण्याला इंग्रजीत 'एटी-सिक्स' म्हणू लागले, अशी कथा सांगतात. माझ्या वहीत ती दंतकथेच्या बाजूला आहे. २००७ साली इमारतीचा भाग कोसळून हे ठिकाण बंद पडले होते आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडले होते. आतल्या भिंतींवर लेखकांच्या पुस्तकांची वेष्टने लावलेली होती. उपाहारगृह म्हणून ते उत्तम होते, पण दाराशी उभा असलेला सेवक दुरूनच दिसत असल्याने शोधण्याजोगे तिथे काही उरले नव्हते, आणि आम्ही लवकर निघालो.

दुसऱ्या संध्याकाळी ईस्ट व्हिलेजमधल्या स्टायव्हेसंट स्ट्रीटवर 'एंजल्स शेअर' शोधायला निघालो. पिंपात मुरत ठेवलेल्या व्हिस्कीचा जो अंश दरवर्षी हवेत उडून जातो त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात, त्यावरून हे नाव आले आहे. हे ठिकाण १९९३ साली उघडलेले, म्हणजे नव्या पिढीतले सर्वांत जुने म्हणता येईल असे. रस्त्यावर आम्ही दोन फेऱ्या मारल्या आणि काहीच सापडले नाही. अखेर एका जपानी उपाहारगृहाच्या जिन्यावर आमचे लक्ष गेले. नीटनेटके कपडे घातलेली जोडपी वर जात होती, पण खिडकीतून दिसणाऱ्या जेवणाच्या टेबलांवर ती कुठे दिसत नव्हती. आम्ही वर गेलो, तर गजबजलेल्या उपाहारगृहाच्या डाव्या बाजूला कसलीही खूण नसलेले एक दार होते, आणि ते उघडल्यावर सगळा गलका मागे राहिला. आत नियम स्पष्ट होते: चारपेक्षा जास्त माणसांचा गट नको, उभे राहायचे नाही, आरडाओरडा करायचा नाही. जागा नसेल तर नम्रपणे परत पाठवत. मी मद्य घेत नाही असे सांगितल्यावर पेय बनवणाऱ्याने भुवईसुद्धा उचलली नाही. त्याने फळांच्या रसाचे एक पेय इतरांच्या पेयांइतक्याच निगुतीने, बर्फाचा एकच मोठा तुकडा कोरून बनवून दिले. ज्यांना माझ्याप्रमाणे मद्य न घेता ही ठिकाणे पाहायची आहेत, त्यांनी अजिबात संकोच करू नये, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. बिलावर वीस टक्के बक्षिशी मात्र ठेवावी, कारण तिथल्या सेवकांच्या मिळकतीचा मोठा भाग तोच असतो. आणि पारपत्र जवळ बाळगावे, कारण एकवीस वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा दाराशीच मागतात, केस पिकलेले असले तरीही.

तिसऱ्या दिवशी सेंट मार्क्स प्लेसवर गेलो आणि खानावळीच्या चपलांची आठवण मला तिथे झाली. पहिल्या अव्हेन्यूपासून अव्हेन्यू ए पर्यंतचा तुकडा एवढेच मी लिहून घेतले होते. समोरच्या पदपथावर उभे राहून आम्ही दुकाने पाहू लागलो. चार पायऱ्या उतरून जायचे एक हॉट डॉगचे दुकान होते, 'क्रिफ डॉग्ज' नावाचे. कारखान्यात मी रोज माल मोजत असतो, त्यामुळे माणसेही आपोआप मोजली गेली. वीस मिनिटांत त्या दुकानात अकरा माणसे गेली आणि चार बाहेर आली. आत जाऊन पाहिले तर बसलेले दोघे होते. पाच माणसे नाहीशी झाली होती!

मी हळूच तसे म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "आत बाकडी चारच हायत की, मग गेली कुठं?" आम्ही दोघांनी एकाच वेळी डाव्या भिंतीकडे पाहिले. तिथे लाकूड आणि काचेची जुनी टेलिफोनची पेटी उभी होती, जशी आपल्याकडे एसटी स्टँडवर असे तशी, आणि तिच्यात एक मुलगी फोन कानाला लावून उभी होती. क्षणभराने पेटीची मागची भिंत आतल्या बाजूला उघडली आणि ती मुलगी भिंतीत शिरली. एवढ्या गर्दीत, तळणाच्या वासात, डोक्यावर दिवे झगमगत असताना, लपण्यासाठी सर्वांच्या डोळ्यांसमोरची जागा निवडली होती, याचे मला अतिशय कौतुक वाटले.

हे 'प्लीज डोन्ट टेल', म्हणजे 'कृपया कुणाला सांगू नका'. २००७ साली ते सुरू झाले आणि २०१२ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनने उत्कृष्ट मद्यगृहासाठी प्रथमच दिलेला पुरस्कार त्याला मिळाला. आमची आगाऊ नोंदणी नव्हती. पेटीत शिरून फोन उचलला तेव्हा पलीकडच्या बाईंनी माझा क्रमांक लिहून घेतला आणि जागा झाली की कळवू असे सांगितले. सव्वा तासाने निरोप आला. दोघेच असाल, आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस असेल आणि सहा-साडेसहाला पोहोचाल, तर अशी जागा मिळण्याची शक्यता फार वाढते, हे सहा दिवसांच्या अनुभवावरून सांगतो. आत छत ठेंगणे, विटांच्या भिंती, पेंढा भरलेले प्राणी आणि मंद दिवे होते. भिंतीतल्या एका लहान झरोक्यातून शेजारच्या दुकानातले खाणे आत सरकवले जात होते. आम्ही बटाट्याचे तळलेले गोळे मागवले आणि बराच वेळ तो झरोकाच पाहत बसलो.

चौथी संध्याकाळ लोअर ईस्ट साइडमधल्या नॉरफोक स्ट्रीटवर गेली. तिथे एका खेळण्यांच्या कंपनीची पाटी असलेले लोखंडी फाटक आहे; पायऱ्या उतरून, अंधाऱ्या बोळातून पलीकडे जाऊन, पुन्हा पायऱ्या चढल्यावर 'द बॅक रूम' लागते. तिथे मद्य चहाच्या कपात देतात आणि बिअरची बाटली कागदी पिशवीत, म्हणजे धाड पडली तर टेबलावर फक्त चहा दिसावा, तसे. ही जागा २००५ साली उघडली आहे. वेश, कप, गालिचे सर्व काळजीने जमवलेले असले तरी माझे मन तिथे फारसे रमले नाही. बोळ मात्र पाहण्यासारखा आहे.

चहाच्या त्या कपाने मला अस्वस्थ केले, त्याचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या भागातल्या माणसाला लपवलेली दारू म्हटली की हातभट्टी आठवते आणि हातभट्टी म्हटली की मेलेली, आंधळी झालेली माणसे आठवतात. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक जीव गेले. न्यूयॉर्कमध्येही दारूबंदीच्या काळात हेच घडत होते. कारखान्यांतला अल्कोहोल चोरून दारूत मिसळला जात असे, तो पिण्यालायक राहू नये म्हणून सरकारने त्यात मिथेनॉलचे प्रमाण वाढवायला लावले, आणि गोरगरिबांनी तोच प्यायला. शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस या मृत्यूंबद्दल जाहीरपणे सरकारला दोष देत राहिले. १९३० साली, आमच्याकडे मार्शल लॉ होता त्याच वर्षी, आल्याच्या अर्काच्या नावाने विकल्या जाणाऱ्या भेसळीच्या औषधाने तिकडे हजारो माणसांचे पाय लुळे पडले. ते पिणारे बहुतेक गरीब होते, कारण चांगल्या दारामागची चांगली दारू त्यांना परवडत नव्हती. आपल्या जिल्ह्यात पुढे २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' या नावाने हातभट्टीवर जगणाऱ्या तांड्यांतल्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मला नॉरफोक स्ट्रीटवरचा तो कप आठवला होता. गुप्त दाराची गंमत सांगताना त्या दारापर्यंत पोहोचू न शकलेल्यांचाही उल्लेख झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

पाचव्या दिवशी दुपारी, एका जुन्या खरेदीदाराच्या ओळखीने, मी बावन्नाव्या रस्त्यावरच्या 'ट्वेंटी-वन क्लब'मध्ये जेवलो. दर्शनी कठड्यावर घोड्यांच्या जॉकींचे तिसांहून अधिक रंगीत पुतळे ओळीने उभे होते. पुरुषांना कोट बंधनकारक होता. जॅक क्रिंडलर आणि चार्ली बर्न्स या नात्यातल्या भावांनी हे ठिकाण १ जानेवारी १९३० रोजी या घरात आणले होते. धाड आली की दाराशी उभा असलेला माणूस कळ दाबे, आतल्या फळ्या तिरक्या होत आणि बाटल्या एका घसरगुंडीतून खाली जाऊन फुटत. पुरावा म्हणून हाती वास तेवढा राही. खरा साठा मात्र तळघरात होता.

जेवण झाल्यावर विनंती केली तेव्हा एका ज्येष्ठ सेवकांनी आम्हाला स्वयंपाकघरातून खाली नेले. समोर विटांची भिंत होती, फक्त भिंत. त्यांनी एक बारीक लोखंडी सळई घेतली, विटांमधल्या एका भेगेत घातली, आत कुठेतरी खट्ट असा आवाज झाला आणि सुमारे अडीच टन वजनाचा भिंतीचा तो तुकडा दारासारखा फिरला. यंत्रमागाच्या घरात वाढलेल्या माणसाला लोखंडाचा आवाज कळतो. तो आवाज नव्वद वर्षांच्या जुन्या यंत्राचा होता आणि त्यात कुठेही खडखड नव्हती. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी हॉटेलवर येताच लिहून ठेवली. ते तळघर २१ क्रमांकाच्या घराखाली नसून शेजारच्या १९ क्रमांकाच्या घराखाली आहे. त्यामुळे या घरात दारू आहे काय असे अधिकाऱ्यांनी विचारले, तर मालकांना खोटे न बोलता नाही म्हणता येत असे. आत महापौर जिमी वॉकर यांची बसण्याची जागा होती आणि फळ्यांवर रिचर्ड निक्सन, एलिझाबेथ टेलर अशा नावांनी राखून ठेवलेल्या बाटल्या होत्या. मी बाटल्यांपेक्षा ती भेग पुन्हा पुन्हा पाहत होतो. सळई काढून घेतल्यावर ती मला परत सापडली नाही.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही एल्ड्रिज स्ट्रीटवर गेलो. या रस्त्यावरच्या १३४ क्रमांकाच्या अरुंद गाळ्यात साशा पेट्रास्की यांनी ३१ डिसेंबर १९९९ रोजी 'मिल्क अँड हनी' सुरू केले होते. आज जगभर जी पाटी नसलेली मद्यगृहे दिसतात, त्यांची रीत मुख्यतः या एका खोलीने घालून दिली. पुढे ते मद्यगृह दुसरीकडे गेले आणि या जागी पेट्रास्कींच्याच हाताखाली तयार झालेल्या सॅम रॉस आणि मायकेल मॅकिलरॉय यांनी 'ॲटाबॉय' उघडले. पेट्रास्की २०१५ साली वारले. काचेवर शिंपीकामाची आणि कपडे दुरुस्तीची जुनी अक्षरे तशीच होती, आणि त्याच अक्षरांमुळे आम्ही ओळखले, कारण रात्री नऊ वाजता शिंप्याच्या दुकानाबाहेर चार माणसे मुकाट्याने उभी नसतात. दार ठोठावल्यावर एका तरुणाने ते थोडेसे उघडून नाव विचारले आणि पाऊण तासाने बोलावले.

आत पदार्थांची यादी नव्हती. पेय बनवणाऱ्या बाई समोर आल्या आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली: आंबट आवडते का गोड, तिखटपणा चालेल का, आज थंड हवे आहे का पोटाला ऊब देणारे. आमच्या खानावळीतल्या मावशी ताटात वाढण्यापूर्वी असेच विचारतात, त्यामुळे उत्तर देताना मला इंग्रजी शब्द शोधावे लागले तरी अडखळायला झाले नाही. मद्य नको आणि आले चालेल, एवढे मी सांगितले. त्यांनी आल्याचा रस, मध आणि लिंबू एकत्र करून जोरात हलवले आणि समोर ठेवले. सॅम रॉस यांनी २००५ साली याच खोलीत व्हिस्की, लिंबू, मध आणि आले यांचे 'पेनिसिलिन' नावाचे जे पेय तयार केले आणि जे आता जगभर बनते, त्यातली व्हिस्की वगळून हे केले आहे, असे त्या म्हणाल्या. पावसाळ्यात घसा धरला की आई जे चाटण देते, त्याची चव मला तिथे आली.

त्यांनाच मी विचारले की दारूबंदी उठून इतकी वर्षे झाली, परवाना आहे, मग दार लपवायचे कशाला? त्यांनी बोट वर, छताकडे केले. वर लोक राहतात. 'मिल्क अँड हनी'च्या नियमांत गोंगाट नको, दाराबाहेर रेंगाळू नका, निघताना पटकन आणि गुपचूप निघा, लोक झोपलेले आहेत, अशा अर्थाच्या सूचना होत्या आणि त्या शोभेसाठी नव्हत्या. पाटी लावली की गर्दी येते, गर्दी आली की रस्त्यावर आवाज होतो, आणि पन्नास वर्षे त्या घरात राहणाऱ्या म्हातारीची झोप मोडते. १९३० साली दार कायद्यापासून लपवले जात होते. आता शेजाऱ्यांच्या झोपेसाठी. ज्या उत्तरासाठी मी आलो होतो ते हे नव्हते, परंतु सहा दिवसांत जे ऐकले त्यात मला सर्वांत खरे हेच वाटले. लहानपणी आमच्या गल्लीत रात्रपाळीचे माग चालत आणि आम्ही त्या खटखटीत झोपत असू. माग बंद पडला तरच जाग येई. शांततेसाठी कुणी आपल्या दुकानाचे नाव पुसून टाकावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटली.

बाहेर पडलो तेव्हा साडेअकरा झाले होते. भाऊ खुशीत होता, दाराबाहेर पाऊल ठेवताच तो मोठ्याने म्हणाला, "लय भारी बे, आधी का नाही आलो!" दाराशी उभ्या असलेल्या तरुणाने रागावून नव्हे, हात जोडल्यासारखे करून वर पाहिले. समोरच्या इमारतीच्या लोखंडी जिन्यावर कुणाचे तरी धुतलेले कपडे वाळत होते आणि वरची एकही खिडकी उजळलेली नव्हती. भावाने जीभ चावली. आम्ही कोपऱ्यावरचा डिलान्सी स्ट्रीट येईपर्यंत, म्हणजे वाहनांचा आवाज सुरू होईपर्यंत, एक शब्दही बोललो नाही.

माझी चोवीस वर्षांची भाची आता तिकडे शिकायला जाते आहे आणि तिने परवा ती वही मागून घेतली. देण्यापूर्वी मी दुरुस्त्या केल्या. ट्वेंटी-वन क्लब आणि चम्लीज या दोन्ही नावांवर रेघ मारली, कारण २०२० च्या साथीत दोन्ही बंद झाली. एंजल्स शेअरची जुनी जागा २०२२ मध्ये गेली, म्हणून स्टायव्हेसंट स्ट्रीट खोडून ग्रोव्ह स्ट्रीट लिहिले. सेंट मार्क्स प्लेसपुढे दार कुठे ते लिहिले नाही, 'समोर उभे राहून माणसे मोज' एवढेच लिहिले. आणि एल्ड्रिज स्ट्रीटपुढे, शाईने, 'निघताना डिलान्सीपर्यंत बोलू नकोस.'